बिनकाट्याचा घास

कारध्याच्या ढिवर मोहल्ल्यात आसारामच्या बोटांची थट्टा व्हायची. चाळिशी ओलांडलेला गडी. वैनगंगेत डोंग्यावर उभा राहून जाळं फेकायला लागला की काठावरची माणसं हातातलं काम थांबवून बघायची. पण हाच गडी दुपारी जेवायला बसला की सुईत दोरा ओवावा तसा ताटावर वाकायचा. रोहूचा तुकडा घ्यायचा, मधला जाड काटा आधी उचलायचा, मग आडवेतिडवे केसासारखे काटे एकेक करून वेचायचे, तुकडा दाराच्या उजेडाकडे धरून पुन्हा एकदा तपासायचा आणि मगच तो लेकीच्या ताटात ठेवायचा. लेक केवढी? चांगली पंधरा वर्षांची, नववीत शिकणारी. पोरीचं लग्न झाल्यावर जावयाच्या घरी काटे काढायला जाशील का, असं शेजारचा ताराचंद विचारायचा. जाईन की, असं आसाराम म्हणायचा. ताराचंदला वाटायचं तोही थट्टाच करतो आहे. तो थट्टा करत नव्हता.

यामागे अकरा वर्षांपूर्वीची एक दुपार होती. खुशी तेव्हा चार वर्षांची होती. घरात बारीक मासोळ्यांचा रस्सा झाला होता, तोच जो मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात होतो. बारीक मासोळी म्हणजे बोटाएवढी. तिचा काटा काढत कोणी बसत नाही, डोक्यासकट शेपटीसकट चावून खायची. दात आलेलं पोर ती खायला शिकतंच. खुशीही शिकली होती. पण त्या दिवशी तिला मध्येच हसू आलं आणि काटा घशात आडवा बसला. भाताचे गोळे गिळवून झाले, केळं भरवून झालं, पाठीवर थापा मारून झाल्या. पोरीच्या तोंडातून लाळेबरोबर रक्त यायला लागलं तेव्हा आसारामनं तिला उचललं आणि ऑटोत घातलं.

पलीकडे भंडारा, मध्ये फक्त पूल. रोज बघितलेला तो पूल त्या दिवशी संपता संपेना. पुढे एक ट्रक बंद पडला होता. पोरीचे डोळे पांढरे व्हायला लागले. आसारामनं ऑटोतून बाहेर डोकं काढलं आणि खाली वाहणाऱ्या गंगामायला सांगून टाकलं, पोरीला वाचव, ज्या मासोळीचा काटा वेगळा काढता येत नाही ती मासोळी माझ्या घरात पुन्हा शिजणार नाही, माझ्या घरचं माणूस ती खाणार नाही. ट्रक हलला. डॉक्टरनं चिमट्यानं काटा काढला. संध्याकाळी पोरगी बिस्कीट मागत होती.

तेव्हापासून बारीक मासोळी आसारामच्या जाळ्यात यायची, टोपलीतून बाजारात जायची, पण त्याच्या उंबरठ्याच्या आत आली नाही. आठवड्यातून दोनदा रोहू-कटला व्हायचा, तोही असा वेचून. एवढ्यावरच थांबला असता तर बरं झालं असतं. पण भीतीला एकदा पाट मांडून दिला की ती उठायचं नाव घेत नाही. खुशीनं काठावर यायचं नाही, घसरेल. हापशीवरून पाणी आणायचं नाही, कंबर लचकेल. शाळा हाकेच्या अंतरावर, तरी ऑटो लावून दिलेला. उन्हात उभं राहायचं नाही, चक्कर येईल. मोहल्ल्यातल्या पोरी जाळी वाळवायच्या, बांधावरून उड्या मारायच्या, आणि खुशी दारात बसून गृहपाठ करायची. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ते हेच, आणि मोहल्ला त्याचं कौतुकही करायचा.

एका माणसाला मात्र हे कधीच पटलं नाही. ती आसारामची मोठी बहीण, सखाबाई. नवरा गेल्यावर ती भावाच्या भिंतीला भिंत लावून राहायची. पंचावन्न वर्षांची बाई, पण ओल्या मासोळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन अजूनही पायीच पूल ओलांडायची. एकदा डोंग्यातून उतरताना दगडावर सपशेल आडवी झाली, तर उठून लुगडं झटकलं आणि आधी मासोळ्या गोळा केल्या. ती भावाला म्हणायची की पोरगी वाढवतोस का लोणचं घालतोस? आसाराम हसायचा आणि काटे वेचत राहायचा.

मागच्या वर्षी पोळ्याच्या दिवशी सारवलेल्या अंगणात खुशी घसरली आणि मनगट मोडलं. पडली तर मोडणारच, असं सगळे म्हणाले. आसारामनं त्यातून एवढाच धडा घेतला की अंगणही धोक्याचं आहे.

यंदा शाळेत तृप्ती मॅडम आल्या. त्यांनी मुलींची कबड्डी सुरू केली आणि खुशीचं नाव लिहून घेतलं. घरी विचारायची सोय नव्हती, म्हणून खुशीनं विचारलंच नाही. ऑटोवाल्याला जादा तास आहे म्हणून सांगायची आणि मैदानावर जायची. महिनाभर खेळली. तिला पकडणं जड जातं, असं पोरी म्हणायच्या. हे ऐकून तिला जे वाटायचं ते तिनं आयुष्यात दुसऱ्या कशानं अनुभवलं नव्हतं. नडगी दुखायची, पण दुखतं म्हणून सांगितलं तर कबड्डीच बंद होणार, हे तिला माहीत होतं. मग एका दुपारी रेघेला हात लावून परत वळताना तिच्या पायात कट् असं झालं आणि ती खाली बसली.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात आसाराम पोचला तो कबड्डीवर, शाळेवर आणि तृप्ती मॅडमवर मनातल्या मनात तोंडसुख घेतच. डॉक्टरबाई पायाचा एक्स-रे उजेडावर धरून बघत होत्या. किती उंचावरून पडली, असं त्यांनी विचारलं. तृप्ती मॅडमनी सांगितलं की पडली नाही, नुसती वळली. डॉक्टरबाईंनी मागच्या वर्षीचं मनगटाचं विचारून घेतलं, रक्त तपासायला दिलं, आणि मग पोरगी काय खाते ते विचारलं.

हे मात्र आसारामला अभिमानानं सांगता येण्यासारखं होतं. भात, वरण, आलू-वांगं, आठवड्यातून दोनदा मासोळी. दूध सोसत नाही. "पन मासोळीचा एक काटा नाई जाऊ देत म्या तिच्या पोटात, बाई," तो म्हणाला. "अकरा वर्सं झाली. एक नाई."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं, तेही त्याला कळेल असं. हाड या वयातच भरतं. विशीपर्यंत जे साठेल ते साठेल, पुढे जन्मभर त्याच्यावरच भागवायचं असतं. तुमच्या मुलीचं हाड भरलंच नाही. त्याला चुना, म्हणजे कॅल्शियम लागतं, ते मासोळीच्या काट्यात असतं, आणि तुमच्या दारात ते टोपलीनं येतं आणि टोपलीनं जातं. बारीक मासोळी काट्यासकट खायची, तीळ, जवस, मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा पाला, दही सोसत असेल तर दही. रोज सकाळचं ऊन. सध्या गोळ्या देते, पण गोळ्या काही जन्मभराच्या नाहीत. आणि पाय जुळला की आधी चालणं, मग दोरीवरच्या उड्या, मग पळणं. हाडावर भार पडला तरच ते घट्ट होतं.

"म्हंजे कबड्डीनं नाई मोडला पाय?" आसारामनं विचारलं.

"कबड्डी चार वर्षं आधी खेळली असती तर कदाचित मोडला नसता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अजून चार-पाच वर्षं हातात आहेत. ती वाया घालवू नका."

परत येताना पूल लागला. प्लास्टर घातलेला पाय आसारामच्या मांडीवर होता. त्यानं खाली पाण्याकडे बघायचं टाळलं. डॉक्टरबाईंना त्यानं नवसाचं काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? पोरीचा जीव ज्या अटीवर मिळाला, तीच अट मोडा, असं त्या म्हणत होत्या. एकीकडे हाड, एकीकडे जीव. हाड मोडलं तर प्लास्टर घालता येतं. जीव गेला तर काय घालणार? 

घरी त्यानं तीळ आणले, जवस आणलं, मुनग्याच्या फांद्या तोडून आणल्या. खाट अंगणात उन्हात टाकली. गोळ्या वेळेवर दिल्या. मासोळीचं नाव काढलं नाही. बायकोनं, रंजूनं, दोनदा विषय काढला, तो उठून काठावर गेला. सखाबाईनं तर तोडगाच काढला. नवस तुझ्या घराचा आहे, माझी चूल वेगळी आहे, मी शिजवते, पोरीला इकडे पाठव. आसारामनं तिला सांगितलं की घर म्हणजे भिंती नव्हेत, घरचं माणूस खाणार नाही असं आपण बोललो आहोत, आणि गंगामायला वकिली चालत नाही. यावर सखाबाईसारखी बाईसुद्धा आपल्या चुलीकडे परत गेली.

परत गेली, पण स्वस्थ बसली नाही. दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. खुशीचा पाय बारीक झाला होता. काठी धरून ती अंगणातल्या अंगणात चालायची आणि दहा पावलांत दमायची. शाळेतल्या पोरी तालुक्याला खेळून आल्या, हरून आल्या, आणि तिला भेटायला आल्या. त्या गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपली. रंजूनं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी नणंद-भावजयींनी मिळून वाळलेल्या बारीक मासोळ्या सखाबाईच्या उखळात कुटल्या, पीठ होईपर्यंत कुटल्या, आणि जवसाच्या चटणीत मिसळल्या.

चार दिवस खुशीनं ती चटणी आवडीनं खाल्ली. पाचव्या दिवशी तिच्या दाताखाली काहीतरी बारीक, टोकदार आलं.

तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. तिनं घशात बोटं घातली, ओकली, पुन्हा बोटं घातली, आणि काटा, काटा म्हणत रडायला लागली. आसाराम धावत आला. त्यानं तिचं तोंड उजेडाकडे फिरवलं, जीभ दाबून आत बघितलं. घशात काही नव्हतं. जे होतं ते त्यानंच अकरा वर्षं तिच्या मनात भरलेलं होतं. पण हे त्याला त्या क्षणी सुचलं नाही. त्याला ताटातली चटणी दिसली, त्यानं ती बोटावर घेऊन वास घेतला, आणि तो रंजूकडे वळला.

"पोरगी मारायची होती का तुले?"

रंजू कमी बोलणारी बाई. लग्नाला अठरा वर्षं झाली, नवऱ्याला उलट उत्तर दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ती सांडलेलं पुसत होती, ते तिनं थांबवलं.

"मारून तं तुमी राहिले," ती म्हणाली. "हळूहळू. एकेक काटा काढून."

 सखाबाई दारात येऊन उभी राहिली होती. खुशीनं तोंड पुसलं आणि विचारलं की घरात हे चाललं तरी काय आहे, बारीक मासोळीचं नाव काढलं की सगळे असे का होतात? आसाराम खाली बघत बसला, तेव्हा रंजूनंच सांगितलं. पूल, ट्रक, नवस, सगळं.

खुशीला यातलं फारसं माहीत नव्हतं. तिला काटा आठवत होता, चिमटा आठवत होता, पण नवस कोणी कधी सांगितला नव्हता. सांगायची गरज आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. तिनं स्वतःच्या बारीक झालेल्या पायावरून हात फिरवला.

"मले वाटे का मीच कच्ची आहो," ती म्हणाली. "साऱ्या पोरी खाते, साऱ्या पोरी कुदते, मलेच जमत नाई. देवानंच मले असं बनवलं, असं वाटे." मग तिनं बापाकडे बघितलं. "नवस माह्या जिवाचा होता ना, बाबा? मंग मले कोनी सांगतलं काहून नाई?"

 आपण पोरीला वाचवलं, ही एकच गोष्ट त्याच्या आयुष्यात अशी होती की जिच्यावर त्यानं कधी शंका घेतली नव्हती. ती आता त्याच्या हातातून निसटत होती, आणि त्याला रडू येत होतं, आणि पोरीसमोर रडायची लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोंगा सोडायला निघाला तर खुशी काठी घेऊन मागे येत होती. परत जा म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. काठाची उतरण तिला अवघड गेली. त्यानं हात पुढे केला, तो तिनं धरला. अकरा वर्षांत ती पाण्याजवळ आली नव्हती. पाण्यात पाय घातल्यावर तिनं श्वास आत ओढला आणि तशीच उभी राहिली.

आसारामचा एक नेम होता. जाळ्यात आलेली पहिली मासोळी तो नदीला परत द्यायचा. त्या दिवशी पहिली आली ती बारीकच होती. ती त्यानं ओंजळीत घेतली. नवस सोडतो असं म्हणायचं होतं, रात्रभर तेच घोकलं होतं. पण शब्द फुटेना. नवस फेडायचा कसा, ते सगळ्यांना माहीत असतं; परत कसा करायचा, ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आणि परत केल्यावर ती माय दिलेलं परत मागणार नाही कशावरून? ओंजळीतलं पाणी गळायला लागलं.

खुशीनं त्याच्या ओंजळीखाली आपली ओंजळ धरली आणि मासोळी घेतली.

"गंगामाय," ती म्हणाली, शाळेत बाईंशी बोलावं तशी नीट, "बाबानं माह्यासाठी सांगतलं होतं. मी लहान होतो. आता मोठी झालो. आजपासून मी खाऊन राहिलो. काई करायचं असंल तं मले कर. बाबावर राग धरू नको."

तिनं मासोळी सोडून दिली. आसारामच्या अंगावर काटा आला. असं बोलू नको म्हणून तो ओरडणार होता, पण बोलून झालं होतं, आणि पाणी आपल्या वाटेनं चाललं होतं.

दुपारी सखाबाईनं मासोळ्या आणल्या आणि उंबरठ्याबाहेर थांबली. आत आण, असं आसारामनंच सांगितलं. रंजूनं त्यांना मीठ-तिखट लावलं आणि तव्यावर कडक होईपर्यंत भाजलं. तो वास त्या घरात अकरा वर्षांनी आला. पीठ नको, चटणी नको, मला दिसू द्या, असं खुशीनं सकाळीच बजावलं होतं. तिच्या ताटात भाताशेजारी तीन मासोळ्या आल्या. डोकं, डोळे, शेपटी, सगळं दिसत होतं. ती त्यांच्याकडे बघत बसली. तिच्या कपाळावर घाम आला.

मग आसारामनं आपल्या ताटातली उचलली. आधी मी, असं त्यानं खुणेनं सांगितलं. त्यानं ती तोंडात टाकली आणि चावली. खुशी त्याच्या घशाकडे बघत होती. अकरा वर्षं तो तिच्या घशाकडे असाच बघत आला होता, हे त्याला त्या घासाबरोबर कळलं. त्यानं घास गिळला आणि तोंड उघडून तिला दाखवलं, लहान पोरांना दाखवतात तसं.

खुशीनं एक मासोळी घेतली. सवयीनं आसारामचा हात तिच्या ताटाकडे गेला. सखाबाईनं त्याचं मनगट पकडलं आणि सोडलं नाही.

कुरकुर आवाज झाला. खुशी डोळे मिटून चावत होती. चावत राहिली, चावत राहिली, गिळली, आणि खोकली. पुन्हा खोकली. तिचे डोळे पाण्यानं भरले, चेहरा लाल झाला. आसारामला तो ट्रक दिसला, तो पूल दिसला, पोरीचे पांढरे डोळे दिसले. तो उठायला गेला. सखाबाईनं आता दोन्ही हातांनी धरलं होतं. रंजूनं लोटा पुढे केला. खुशी घटाघटा पाणी प्यायली, तिनं नाक ओढलं आणि दम घेतला.

"तिखट लय टाकलं, आई," ती म्हणाली.

मग तिनं दुसरी मासोळी उचलली. तिचं डोकं मोडून बाजूला ठेवायला गेली, आत्यानं तिच्याकडे बघितलं, तसं तेही तोंडात टाकलं.   आसाराम लेकीच्या गळ्याकडे बघत बसला. एक घास उतरला होता. डॉक्टरबाईंनी सांगितलेली चार-पाच वर्षं अजून पुढे होती, आणि त्यातली प्रत्येक दुपार त्याला असंच, हात मांडीवर ठेवून बघत बसायचं होतं.